झोळीतले अंथरूण

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही आपली म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. हिंदीत तोच उपदेश करताना चादरीचे माप घेतात. जेवढी चादर, तेवढेच पाय. पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांतील शाळांत या दोन्ही म्हणी एकाच बाकावरून ऐकू येतात, कारण येथे घरची भाषा मराठी आणि कचेरीची हिंदी. दोहोंचा अर्थ एकच, असे लिहून मुले पुढच्या प्रश्नाकडे वळतात. मला मात्र त्यांतील भेद मोलाचा वाटत आला आहे. हिंदी म्हण अंगावरच्या वस्त्राकडे पाहते, मराठी म्हण अंगाखालच्या. थंडीच्या रात्री या दोहोंपैकी अधिक महत्त्वाचे कोणते, असे विचारले तर बहुतेक माणसे पांघरुणाचेच नाव घेतील. घरात जमिनीवर निजणाऱ्याला ते उत्तर कदाचित चालून जाईल. परंतु जो अधांतरी निजतो, झोळीत निजतो, त्याला ते फार महाग पडते. आजचे भाषण या अधांतरी निजणाऱ्यांविषयी आणि त्यांच्या पाठीखाली निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या देशी काय काय घातले गेले त्याविषयी आहे.

प्रथम या मुलखाची थोडी ओळख करून देतो. छिंदवाड्याचे पठार सुमारे सव्वादोन हजार फूट उंच आहे. घाट उतरून खाली आले की सौंसर लागते आणि नागपूरचा सखल प्रदेश सुरू होतो. पांढुर्णा जाम नदीच्या काठी वसलेले आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे त्याचे नाव वर्षातून एकदा सर्व वर्तमानपत्रांत छापून येते. उरलेले वर्षभर त्याची कोणी वास्तपुस्त करीत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर आणि वऱ्हाड मुंबई राज्यात गेले व छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्यातील हे दोन मराठी तालुके वेगळे काढून २०२३ साली पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. सौंसरजवळ जामसावळीचा मारुती आहे. इतर गावांचे मारुती उभे असतात. हा पिंपळाखाली आडवा, निजलेला आहे. तेव्हा निद्रेविषयी दोन शब्द बोलायला या तालुक्याचा काही अधिकार आहे, असे मी विनोदाने म्हणत असतो. कापूस आणि संत्री ही येथील मुख्य पिके. कापसाची वेचणी दसरा-दिवाळीपासून पौषापर्यंत चालते आणि आंबिया बहाराची संत्री त्याच सुमारास झाडावरून उतरतात. म्हणजे रानात सर्वांत अधिक माणसे असतात ती ऐन थंडीत. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे यावयाचे आहे.

अलीकडे तामिया आणि पातालकोट या बाजूला भटकंतीला जाणाऱ्या तरुणांच्या पाठपिशवीत नायलॉनची एक लहानशी गुंडाळी असते. दोन झाडांना पट्टे बांधून ती ताणली की तिची शय्या होते. तिला ते हॅमॉक म्हणतात. आपण झोळीच म्हणू. खाली दगड असोत, ओल असो, विंचूकाटा असो, वर निजणाऱ्याला त्याची पर्वा नसते. वैशाखात हे सुख अवर्णनीय असते. पण हवा वीस अंशांच्या खाली उतरली की निजणाऱ्याची पाठ, कंबर आणि मांड्या गार पडू लागतात. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा अंश ही नवलाची गोष्ट नाही. नागपुरास २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा वेळी नवखा माणूस अंगावर एकावर एक पांघरुणे घेतो आणि तरीही पहाटेपर्यंत कुडकुडतो. जाणता माणूस आहे तेवढेच पांघरूण घेतो आणि पाठीखाली एक चटई सरकवतो.

चटईने असे काय होते? याचे उत्तर सव्वादोनशे वर्षांपूर्वी दिले गेले आहे. अमेरिकेत जन्मलेला आणि पुढे काउंट रम्फर्ड या नावाने प्रसिद्धीस आलेला बेंजामिन टॉमसन याने तापमापकाभोवती रेशीम, कापूस, लोकर, सशाची लव, पक्ष्यांची पिसे अशी एकेक वस्तू भरली, तो तापवला, आणि गार व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजले. १७९२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने आपला निष्कर्ष ठेवला. ऊब देते ती त्या वस्तूत अडकून पडलेली हवा. लोकर किंवा कापूस हे त्या हवेला धरून ठेवणारे पिंजरे होत. स्थिर हवा पाण्याच्या सुमारे पंचविसाव्या हिश्शाएवढीच उष्णता वाहून नेते. पिंजरा फुगलेला असेल तोवर ऊब आहे. तो चेपला की हवा निघून जाते आणि हाती केवळ कापड उरते.

झोळीत नेमके हेच होते. दुलई कितीही जाड असो, तिचा जो भाग अंगाखाली जातो तो देहाच्या भाराने चेपून कागदासारखा होतो. जमिनीवर निजणाऱ्याच्या खाली निदान भुई तरी असते. ती आरंभी गार लागली तरी स्थिर असते आणि अंगाच्या उबेने थोडीफार तापते. झोळीखाली असतो तो वाहता वारा. तो तापलेली हवा क्षणोक्षणी घेऊन जातो आणि नवी गार हवा आणून ठेवतो. ज्यांच्या घरी बंगई आहे त्यांना हा अनुभव येत नाही, कारण बंगईला लाकडी फळी असते आणि फळीवर गादी. झोळीला फळी नाही. म्हणून तिला अंथरुणाची गरज बाजेपेक्षा आणि बंगईपेक्षाही अधिक.

आता इतिहासाकडे वळू. झोळीत निजण्याची विद्या युरोपास ठाऊक नव्हती. ऑक्टोबर १४९२ मध्ये कोलंबस बहामा बेटांवर उतरला तेव्हा तेथील लोकांच्या घरांत त्याला कापसाच्या जाळ्यांसारख्या शय्या दिसल्या आणि त्याने आपल्या रोजनिशीत त्यांची नोंद केली. तेथील ताइनो लोक त्यांना हमाका म्हणत. स्पॅनिश लोकांनी तोच शब्द उचलला आणि इंग्रजीतील हॅमॉक त्यातूनच आला. डच लोकांनी मात्र त्या परक्या शब्दाला आपल्या कानाप्रमाणे वळण दिले आणि ‘हांगमाट’ असे म्हणू लागले. त्याचा अर्थ टांगती चटई. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा सरळ अपभ्रंश होय. पण झोळीच्या नावातच चटई घालणाऱ्या त्या खलाशांना काही कळत नव्हते असे मी म्हणणार नाही!

त्या उष्ण प्रदेशातही रात्री गारवा पडतो आणि जाळीच्या शय्येतून तो आरपार येतो. तेथील लोकांनी त्यावर काय तोड काढली होती? हान्स स्टाडेन नावाचा एक जर्मन गोलंदाज ब्राझीलच्या तुपिनांबा लोकांच्या हाती सापडला होता. सुटून आल्यावर त्याने १५५७ साली आपली हकिगत प्रसिद्ध केली. हे लोक कापसाच्या सुताच्या झोळ्यांत निजतात आणि रात्रभर शेजारी विस्तव राखतात, असे तो सांगतो. त्यांनी पाठीखाली गादी घातली नाही, निखारे घातले. जाळीच्या शय्येला हा उपाय शोभतो, कारण जाळीतून वारा जसा वर येतो तशी ऊबही येते.

ही हकिगत आपल्या मराठी श्रोत्यांस परकी वाटू नये. आपल्या घरांत सुतळीने विणलेल्या बाजेवर बाळंतीण निजे आणि त्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवीत. तिच्यावर ओवा, बाळंतशेपा टाकीत. पाहणाऱ्याचे लक्ष त्या सुवासाकडे जाई; परंतु मूळ काम होते खालून ऊब देण्याचे. बाजेची वीण सैल असल्यामुळेच ते साधत असे. ब्राझीलच्या अरण्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, एकमेकांना कधीही न भेटलेल्या लोकांना एकच युक्ती सुचली. आता डॉक्टर बंद खोलीतील धुराला नको म्हणतात, आणि ते योग्यच आहे; तान्ह्या मुलाच्या छातीला तो धूर सोसत नाही. पण शेगडी गेली तेव्हा तिच्या जागी काय आले, हे कोणी पाहिले नाही. पुष्कळ घरांत काहीच आले नाही.

युरोपीय खलाशांना विस्तवाचा मार्ग बंद होता. लाकडी जहाजाच्या पोटात, दारूच्या कोठारावर, झोळीखाली निखारे कोण ठेवील? इंग्रजी आरमाराने १५९७ साली टांगत्या शय्या मान्य केल्या आणि त्यांच्यासाठी जाळीऐवजी जाड कॅनव्हास घेतला. प्रत्येक खलाशाला झोळीबरोबर लोकरीच्या चिंध्या भरलेली एक पातळ गादी आणि कांबळे मिळे. नेमून दिलेली जागा रुंदीने अवघी चौदा इंच. अर्धे लोक पहाऱ्यावर असत म्हणून निजताना प्रत्यक्षात तिच्या दुप्पट मिळे, एवढेच. ती गादी मऊपणासाठी दिली होती असे कोणी समजेल. परंतु उत्तर समुद्रातील हिवाळ्यात, तोफांच्या खिडक्यांतून वारा भणभणत असताना, खलाशाची पाठ राखणारी तीच होती. सकाळी शिट्टी झाली की गादी-कांबळ्यासह झोळी घट्ट वळायची. ती ठरावीक मापाच्या कड्यातून पार व्हावी अशी शिस्त असे. मग या वळकट्या जहाजाच्या कठड्यावरील जाळ्यांत ओळीने भरून ठेवीत आणि लढाईत त्या बंदुकीच्या गोळ्या व उडणाऱ्या ढलप्या अडवीत. रात्री वारा अडवणारी गादी दिवसा गोळी अडवी.

अशा झोळ्या मुंबईत बांधलेल्या जहाजांवरही होत्या. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी इंग्रजी आरमारासाठी मुंबईच्या गोदीत सागवानाची ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट बांधली आणि ती १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. इंग्लंडातील हार्टलपूल बंदरात ती आज जतन करून ठेवली आहे. दोनशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर घडवलेल्या लाकडांतच या टांगत्या शय्यांचे आकडे बसवले होते, हे ध्यानात आले म्हणजे दूरचा इतिहास एकदम जवळचा वाटू लागतो.

गोव्यात झोळीने वेगळेच रूप घेतले. पोर्तुगीज अमदानीत तेथे मचिला नावाचे वाहन होते. बांबूच्या दांड्याला झोळी टांगायची, तीत गादी, उशा घालायच्या, आणि भोयांनी ती खांद्यावरून न्यायची. मलबारकडे हिलाच मंचील म्हणत. पोर्तुगिजांबरोबर हा शब्द आणि हे वाहन आफ्रिकेत झांबेझी नदीपर्यंत जाऊन पोहोचले. मचिलेतील गादी ऊब देई त्याहून अधिक ती धक्के सोशी, कारण दमट किनाऱ्यावर थंडीचे भय थोडे. भोयांच्या खांद्याखाली काय असे, हा प्रश्न मात्र त्या काळच्या प्रवासवर्णनांत सहसा येत नाही.

आपल्या प्राचीन वैद्यांनी अंथरुणाचा विचार केला होता का? केला होता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नवजात बालकाची शय्या कशी असावी ते सांगताना आस्तरण आणि प्रावरण या दोन वस्तू वेगवेगळ्या मोजल्या आहेत. दोन्ही मऊ, हलक्या आणि स्वच्छ असाव्यात असे म्हटले आहे. आस्तरण म्हणजे आपले अंथरूण. त्या ग्रंथकाराने एकाच ‘वस्त्र’ शब्दात दोन्ही गुंडाळली नाहीत, ही बारीक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

ग्रंथांतून आता रानात उतरू. गहू-हरभऱ्याची शेते रात्री डुकरे आणि रोही यांच्यापासून राखावी लागतात. त्यासाठी शेतकरी जागलीला जातो. चार खांबांवर फांद्या आणि बांबू टाकून मचाण करतात. वर छप्पर असले तर असते, नसले तर नसते. खालून वारा मात्र नेमाने असतो. म्हणजे मचाणही एक प्रकारे न हलणारी झोळीच. जुन्या जागल्याने तेथे घोंगडी एकच नेली तरी खाली कडब्याच्या पेंढ्या किंवा गव्हाचे काड हातभर पसरायला तो विसरत नसे. ही योजना किती शास्त्रशुद्ध आहे पाहा. गव्हाची काडी पोकळ असते. ज्वारीच्या धांड्यात भुसभुशीत गाभा असतो. दोहोंतही हवा कोंडलेली असते, आणि माणसाच्या भाराने ती कापसाइतकी चटकन चेपत नाहीत. आजच्या भटक्याची फेसाची चटई याच तत्त्वावर चालते. तिच्यात हवेचे असंख्य बंद बुडबुडे असतात. वर निजले तरी ते फुटत नाहीत. १९७२ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरी स्थापन झालेल्या एका कारखान्याने तोटी उघडताच स्वतःच हवा ओढून फुगणारी चटई बाजारात आणली आणि भटक्यांनी तिचे फार कौतुक केले. जागल्याच्या पेंढीला तोटी नव्हती, आणि तिची किंमतही नव्हती. सकाळी ती बैल खात.

घरातील अंथरूण म्हणजे गोधडी. कापसाच्या मुलखात राहणाऱ्यांच्या अंगाखाली कापसाची गादी असेल, अशी परक्याची समजूत होते. ती बरोबर नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर नागपूर-वऱ्हाडकडे वळली. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोचली. १ जानेवारी १८७७ रोजी तेथे टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तेव्हापासून कापूस हे विकण्याचे पीक झाले. वेचणाऱ्या बाईने दिवसभर हातांनी जो कापूस ओटीत भरला, तो संध्याकाळी काट्यावर जाई. तिच्या घरी अंथरायला असे ते फाटक्या लुगड्यांचे थर एकमेकांवर ठेवून घातलेले टाके. गोधडीचे टाके थर सरकू देत नाहीत आणि प्रत्येक दोन थरांमध्ये थोडीशी हवा राहते. पण धुऊन धुऊन, निजून निजून ती दडपते, आणि मग जड होते तेवढी उबदार राहत नाही.

ज्यांच्याकडे गादी होती त्यांना पिंजाऱ्याची वाट पाहावी लागे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातिजमातींविषयी जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात बहना अथवा पिंजारा या नावाखाली या लोकांची माहिती दिली आहे. खांद्याएवढी लांब धनुकली, तिला तातीची दोरी आणि ती छेडायला लाकडी मोगरा, एवढ्या साहित्यावर हा धंदा चाले. दोरीचा तो तुणतुण नाद उन्हात दूरवर ऐकू येई. पिंजारी गादीत नवे काहीच भरत नसे. दडपून घट्ट झालेली तीच रुई तो मोकळी करी, तिच्यात पुन्हा हवा शिरवी. रम्फर्डने जे तापमापकाने सिद्ध केले ते या माणसांच्या हाताला आधीच ठाऊक होते, आणि ते हवेचे काम करून कापसाची मजुरी घेत.

आता त्या झोळीकडे येतो जिच्यासाठी हे सारे सांगितले. वेचणीला आलेल्या बाईचे तान्हे मूल बांधावरच्या बाभळीला किंवा संत्र्याच्या बागेत मोठ्या फांदीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत असते. सकाळी सातच्या सुमारास रानात दव असते, धुके असते, आणि घाटावरून उतरणारा वारा असतो. आई मुलाला वरून शाल गुंडाळते, कानटोपी घालते. जे डोळ्यांना दिसते ते सर्व झाकते. पाठ दिसत नाही. झोळीच्या एकपदरी कापडावर मुलाचा सर्व भार पडतो, खालची शाल चेपते, आणि मूल झोके घेते त्या प्रत्येक झोक्याबरोबर त्या पदराखालून गार हवा फिरते. उन्हाळ्यात हाच झोका वारा घालून सुख देतो; पौषात तोच ऊब हिरावून नेतो.

आणि तान्हे मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा विस्तार अधिक, म्हणून ते लवकर गार पडते. मोठ्या माणसाप्रमाणे त्याला हुडहुडी भरून अंग तापवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नवजात बालकाचे तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस असावे असे ठरविले आहे. त्याखाली गेले की ते थंडावले असे धरतात. थंडावलेले मूल रडत नाही. ते सुस्त होते, दूध ओढत नाही, आणि कामात गुंतलेल्या आईला वाटते की बाळ शहाण्यासारखे निजले आहे. या गैरसमजात जीव गेलेले आहेत.

आमच्या भागातील काही वयस्क बाया झोळी बांधताना लुगडे दुहेरी घेतात आणि दोन पदरांच्या मध्ये गोधडीची घडी घालतात. मी हे पाहिले तेव्हा मला ती केवळ बळकटीसाठी केलेली सोय वाटली. पुढे भटक्यांच्या झोळ्या पाहण्यात आल्या आणि त्या युक्तीचे मर्म कळले. एकपदरी झोळीत घातलेली चटई निजणाऱ्याने कूस बदलली की सरकते आणि पाठ पुन्हा उघडी पडते. म्हणून चांगल्या झोळ्या दोन पदरांच्या करतात आणि चटई त्या पदरांच्या मध्ये सारतात. तेथे ती जागची हलत नाही. शिवाय झोळी दोन्ही बाजूंनी अंगाला वेढते, त्यामुळे अरुंद चटईच्या कडेबाहेर राहिलेले खांदे गार पडतात. त्यासाठी खांद्यांपाशी आडवा तुकडा जोडावा लागतो. निजणाऱ्याने झोळीत सरळ न निजता थोडे तिरके निजले म्हणजे पाठ बरीच सपाट राहते आणि चटईही दुमडत नाही. दुसरा एक मार्ग असा की दुलई झोळीच्या आत न घालता बाहेरून, खालच्या अंगाला सैल टांगायची. तिच्यावर भार पडतच नाही, म्हणून ती चेपत नाही. ही सुधारणा फार सुंदर आहे, आणि तिला लागते फक्त एक जुनी गोधडी व चार नाड्या.

मुलाच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे. खोल झोळीत लहानग्याची मान पुढे दुमडते आणि हनुवटी छातीवर टेकते. मऊ गादी फार फुगीर असली तर नाकतोंड तीत रुतण्याचे भय असते. म्हणून डॉक्टर तान्ह्या मुलासाठी सपाट आणि घट्ट शय्या सांगतात, व नवजात बालकासाठी तर आईच्या उघड्या छातीइतके उत्तम अंथरूण नाही असे म्हणतात. ही पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरी डॉक्टर एडगर रे यांनी सुरू केली. रुग्णालयात उबेच्या पेट्या पुरेनात म्हणून त्यांनी कमी दिवसांची मुले आयांच्या अंगाशी बांधली.

अशा मुलांविषयीचे आपल्याकडील सर्वांत महत्त्वाचे काम गडचिरोलीत झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बालमृत्यू किती घटले त्याचा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला, आणि २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे हे काम सोपविण्यात आले. आशाताईच्या पिशवीत तापमापक असतो, बाळासाठी कांबळे आणि उबदार पिशवी असते, आणि एक वजनकाटा असतो. या काट्याला खाली कापडाची झोळी लावलेली असते. मूल तीत ठेवायचे, काटा हाताने उचलून धरायचा आणि आकडा वाचायचा. तेवढे क्षण मूल अधांतरी असते, म्हणून आशाताई वजन घेण्यापूर्वी दार लोटून घेते.

पिंजाऱ्याची धनुकली आता क्वचितच दिसते. तिच्या जागी हातगाडीवर बसवलेले विजेचे यंत्र आले आहे. थंडीच्या तोंडावर ते गावात आले की लोक गेल्या वर्षीच्या दडपलेल्या गाद्या डोक्यावर घेऊन येतात, रुई उसवून यंत्रात टाकतात आणि कणकण पांढरे होऊन बाजूला उभे राहतात. तासाभराने तीच रुई, तेवढ्याच वजनाची, पूर्वीच्या गलेफात मावेनाशी होते.